पुराचा दगड

शाळेत मी इतिहास शिकवायचे, आणि शाळेत इतिहास कुणी ऐकत नाही. त्यामुळं स्टेशन रोडवर लॉज चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी एकदा म्हणाला, "बाई, पुण्यामुंबईची माणसं येत्यात, देवीचं दर्शन घेत्यात आन् जात्यात. त्यास्नी जुनं कोल्हापूर दावा की," तेव्हा मी एका पायावर तयार झाले. हे नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. रविवारी सकाळी सातला भवानी मंडपातून निघायचं, महाद्वार रोडनं पापाच्या तिकटीला यायचं, तिथून गंगावेश आणि शुक्रवार पेठेतून खाली पंचगंगेच्या घाटाकडं. दीड तासाची फेरी. वर्गात जांभया बघून विटलेल्या बाईला आठ-दहा माणसं माना वर करून ऐकतायत याची चटक लागायला वेळ लागला नाही.

फेरी संपायची ती घाटाजवळच्या एका उतरत्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी एक वळण होतं, वळणावर रस्ता चांगलाच खोलगट होता आणि त्याच्या खालून गटार जायचं. तिथून जरासा चढ चढून पुढं दोन्हीकडं घरं, आणि अगदी खाली, नदीच्या अंगाला, म्हसोबाचा कट्टा. त्या कट्ट्यात एक काळा दगड बसवला आहे. त्यावर आडवी रेघ खोदलेली, रेघेवर चंद्र-सूर्य. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात जो थोरला पूर आला, त्याचं पाणी कुठवर चढलं हे दाखवणारी ती खूण. या दगडाची गोष्ट मी शेकडो माणसांना सांगितली आहे, आणि एकालाही पुरती सांगितलेली नाही.

तो दगड मुळात कट्ट्यात नव्हताच. वळणावरच्या सगळ्यात वरच्या घराच्या भिंतीत होता, माणसाच्या डोक्याच्याही वर. माझ्या फेऱ्या सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा ते घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं आणि दगड राडारोड्यात पडला. मी तो उचलून घेतला. म्हणजे दोन हमालांकडून उचलवला. खाली म्हसोबाच्या कट्ट्याला गवंडी फरशी बसवत होता, त्याला म्हटलं, हा इथं समोर लाव, कमरेच्या उंचीवर, पाहुण्यांना हात लावता येईल असा. बाई म्हणतात म्हटल्यावर गवंडी कशाला वाद घालेल? गल्लीतल्या लोकांनी माझे आभारच मानले. ठेवा वाचवला म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सुरुवातीला मी खरं सांगायचे. दगड पूर्वी वर होता, इथं मी आणला. पण मग पाहुणे विचारायचे, "म्हणजे पाणी नक्की कुठं आलं होतं?" आणि सगळ्यांच्या माना वळणावरच्या त्या सिमेंटच्या घराकडं वळायच्या. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी आणि टीव्हीचा अँटेना बघता बघता गोष्टीचा जीव जायचा. म्हणून ते एक वाक्य मी गाळलं. गाळल्यावर फेरीचा शेवट असा काही जमला, की काय सांगू. मी दगडावर हात ठेवायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "थोरल्या पुरात पंचगंगा या रेघेपर्यंत आली आणि इथून माघारी फिरली. त्यानंतर तिनं ही रेघ कधी ओलांडलेली नाही." यातलं दुसरं वाक्य तर माझ्याच पदरचं. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. माझी दहा वर्षं विकली.

हे वाक्य दर रविवारी आणखी एक माणूस ऐकायचा, याचा मी कधी विचार केला नाही. मी ते एक वाक्य गाळल्यानंतर गल्लीच्या मध्यावर एक गवळी घर घेऊन राहायला आला होता, त्याला दगड कट्ट्यातलाच माहीत. वयानं माझ्यापेक्षा मोठा, आडव्या हाडाचा. चार म्हशी. संध्याकाळी त्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेऊन तो गिऱ्हाईकांसमोर धार काढून द्यायचा. त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती भिंतीला धरून चालायची. रविवारी आम्ही कट्ट्यापाशी थांबलो की तो दारात उभा राहून ऐकायचा आणि पाहुण्यांना म्हणायचा, "बाई सांगत्यात त्ये सगळं खरं हाय बरं का पावणं."

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात आठवडाभर पावसानं उसंत घेतली नव्हती. धरणाचे दरवाजे उघडल्याचं पेपरात आलं होतं. शिवाजी पुलाच्या कमानींत पाणी एका ठरावीक उंचीला चढलं की आम्ही कोल्हापूरकर मच्छिंद्री झाली म्हणतो, आणि मच्छिंद्री झाली की घाबरायचं सोडून छत्र्या घेऊन पाणी बघायला जातो. त्या रविवारी लॉजवर सहा पाहुणे होते. फेरी रद्द करूया असं मी फोनवर म्हटलं खरं, पण त्यांना पूरच बघायचा होता. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. पुराच्या दिवशी पुराचा दगड दाखवायचा, असा योग पुन्हा कुठला यायला.

गंगावेशीपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. शुक्रवार पेठेत शिरल्यावर मात्र काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागलं. रस्त्यावर पोरंटोरं नव्हती. एका घराच्या भिंतीवर काळ्या मुंग्यांची रांग अंडी घेऊन सरळ वर चढत होती, पार पत्र्यापर्यंत. वळणावर आलो तर खोलगट जागेतल्या गटाराचं झाकण हलत होतं, आणि पाणी खाली जायच्या ऐवजी त्यातून वर येत होतं. बुडबुड असा बारीक आवाज येत होता. पाहुण्यांपैकी कॅमेरावाले गृहस्थ वाकून त्याचा फोटो काढायला लागले. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडं गेलो. मी बोलत राहिले. कधी थांबायचं हे माझ्या जिभेला कधी कळलेलं नाही.

घाट दिसतच नव्हता. देवळं बुडाली होती, एखाददुसऱ्या शिखराचा शेंडा वर होता. नदीचा आवाज येईल असं वाटलं होतं, तर काहीच नाही. तांबडं, जाड पाणी मुकाट्यानं सरकत होतं आणि म्हसोबाच्या कट्ट्याला टेकलं होतं. रेघ त्याच्या हातभर वर होती. कट्ट्याजवळची दोन घरं रिकामी झालेली. गवळी मात्र आपल्या दारात निवांत तंबाखू मळत होता, आणि आतल्या गोठ्यात चारी म्हशी उभ्या होत्या. एकही बसलेली नव्हती, एकही रवंथ करत नव्हती. म्हशींतलं मला फार कळत नाही, पण ते बघून अंगावर काटा आला.

"तुम्ही अजून निघाला नाहीत?" मी विचारलं.

"कशाला?" तो म्हणाला. "त्यातली येक गाभण हाय, आठ दिस ऱ्हायल्यात. आसल्या पावसात हालवली तर गाभडंल. आन् पाणी कट्ट्यापतुर आलंय, रेघ अजून लांब हाय की."

बायको आतून म्हणाली, "कालपास्नं म्हनतीया मी चला म्हणून. आयकत्यात कुठं."

"आगं, पूर्वीची माणसं काय येडी हुती व्हय?" असं तिला म्हणून तो पाहुण्यांकडं वळला. आणि मग त्यानं माझ्यासारखाच हात पुढं केला, माझ्यासारखाच आवाज खाली आणला. "थोरल्या पुरात पंचगंगा ह्या रेघेपतुर आली आन् हितनं माघारी फिरली. त्याच्या म्होरं तिनं ही रेघ कवा वलांडल्याली न्हाय. बाईस्नी इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मला सगळं त्याच क्षणी आठवलं. वरचं घर, राडारोडा, गवंडी, कमरेच्या उंचीवर असं सांगणारा माझा स्वतःचा आवाज. खरी रेघ वळणावर होती, डोक्याच्या वर. म्हणजे थोरल्या पुरात ही अख्खी गल्ली पाण्याखाली होती. दगडाला हात लावून एवढंच सांगायचं होतं. पण समोर सहा पाहुणे, त्यांतले एक निवृत्त प्राध्यापक, वाटेत दोनदा म्हणालेले, "बाई, तुमचा अभ्यास दांडगा." मी म्हणाले, "हो, असं सांगतात खरं. पण तुम्ही निघालेलं बरं." सांगतात! कोण सांगतं? मीच ना?

"बघतो की," गवळी म्हणाला. पाहुण्यांनी दगडाला हात लावून फोटो काढले.

नऊ वाजले होते. त्यांना गंगावेशीत सोडून लगेच परत फिरायचं असं मी ठरवलं. गंगावेशीत चहा झाला. मग ते म्हणाले, जेवायला लॉजवर चलाच. मी गेले. मला कुणी ओढून नेलं नाही. एवढ्यात काही होत नाही, पाणी हातभर खाली आहे, दुपारी शांतपणे जाऊन सांगू, असं मी ताटावर बसून मनाशी म्हणत होते आणि घास गिळत होते. पाहुण्यांची गाडी सुटली आणि मी रिक्षा केली. रिक्षावाल्यानं शुक्रवार पेठेच्या अलीकडंच उतरवलं. पुढं पाणी आलंय म्हणाला.

वळणावर पोचले तेव्हा दोन वाजले होते. सकाळी घोटाभर असलेल्या त्या खोलगट जागेत आता छातीएवढं पाणी होतं. ते नदीकडून नाही, गटारातून, मागून आलं होतं. गल्लीचं तोंडच बंद झालं होतं. तालमीतली पोरं दोर बांधत होती. पलीकडं, पन्नास-साठ पावलांवर, गवळी दारात उभा दिसला. मी तोंडाशी हात धरून ओरडले, "दगड मी हलवलाय! तो वरच्या घराचा होता! खरी रेघ इथं वर आहे, म्हशी सोडा!"

तो दारातून एक पाऊल पुढं आला. मग ओरडून म्हणाला, "बाई, धा वर्सं सांगितलासा त्ये खरं, का आज सांगतायसा त्ये?"

"आजचं खरं!"

शेजारची पोरं माझ्याकडं वळून बघायला लागली. तो खाली कट्ट्याकडं गेला. काय बघून आला कुणास ठाऊक, पण धावतच आला आणि गोठ्यात शिरला.

पोरांनी गुळाची काहील आणली होती. गुऱ्हाळात रस आटवायची ती प्रचंड कढई आमच्याकडं पुरात नावेसारखी वापरतात. तीत बसवून गवळ्याच्या बायकोला आणलं. ती दोन्ही हातांनी कड धरून बसली होती आणि एकदाही मागं बघत नव्हती. तीन म्हशी पोहत आल्या. म्हैस पाण्याला भीत नाही, नाकपुड्या वर करून सरळ येते. गाभण म्हैस निम्म्यात आली, थांबली, आणि जड अंगानं वळून परत गोठ्याकडं गेली. तिला तेच एक ठिकाण माहीत होतं. गवळी तिच्यामागं गेला. पोरांनी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा दोघं जाऊन त्याला ओढून घेऊन आले.  मागं राहिलेल्या म्हशीचं ओरडणं आम्हाला वळणावर ऐकू येत होतं, दिवस मावळेपर्यंत.

पाणी पाच दिवसांनी उतरलं. त्यानंतर मी फेरी घेतली नाही. लॉजवाल्याला पाय दुखतात असं सांगितलं, आणि गंगावेशीवरून जायचंही टाळलं. दिवाळीच्या आधी एकदा इलाज नव्हता म्हणून तिथून निघाले, तर दूध कट्ट्यावर तो समोरच. तीन म्हशी. मला बघून त्यानं मान हलवली, बसायला पाट सरकवला. "दूध घ्या बाई," म्हणाला. मी घेतलं. मालकीणबाई कशा आहेत विचारलं. बऱ्या हायत म्हणाला. मला माफी मागायची होती, शब्द जुळवत होते. माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

त्यानं धार काढता काढता, माझ्याकडं न बघता विचारलं, "बाई, येक इचारू? त्या दगडाचं तुमास्नी कवा आठिवलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. सकाळी नऊला पाणी घोट्याएवढं होतं आणि ती म्हैस स्वतःच्या पायांनी चालत वर आली असती, हे त्यालाही कळत होतं.

"दुपारी," मी म्हणाले. "पाहुणे गेल्यावर."

"मग काय करनार," तो म्हणाला. "माणूस इसरतंय." आणि त्यानं माझ्या पेल्यात आणखी थोडं दूध घातलं.