पहिला गिअर

ओल्या काड्यांचा धूर नाकात गेला की दिंडोरीकडची मामांची बाग आठवते. त्या हिवाळ्यात थंडी कडाक्याची होती. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटायच्या. अशा गारठ्यात मामांच्या जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्समधलं तेल घट्ट व्हायचं, पहिला गिअर काही केल्या पडायचा नाही. म्हणून त्या घरची रीतच होती: संध्याकाळी गाडी न्यूट्रलमध्येच लावायची, सकाळी जो आधी उठेल त्यानं खिडकीतून हात घालून चावी फिरवायची आणि चहा होईस्तोवर तिला तापू द्यायची. मी गाडी शिकलो नाशिकला, क्लासमध्ये. एका संध्याकाळी मामेभावाला शेजारी बसवून गाडी मीच आणली आणि शहरातल्या सवयीनं गिअरमध्ये लावली. सकाळी मामेभावानं खिडकीतून चावी फिरवली. मामा गाडीपुढेच, गोठ्याच्या भिंतीला टेकून शेकत बसले होते. गाडीनं एकदम उडी घेतली. मामा भिंतीशीच दाबले गेले. चाकाखाली काड्या तेवढ्या तडतडत राहिल्या. मामी धावत आली. "गिअरमधी कोणी ठेवली व्हती रे?" मामेभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "मीच. काल मीच लावली." घरी आलेल्या भाच्यावर बोट यायला नको, एवढंच त्याला सुचलं असेल. मी तोंड उघडलं नाही. दवाखाना यायच्या आत मामा गेले. मामी अजून पोराशी धड बोलत नाही. परवा गेलो, तेव्हाही चुलीवरची पहिली भाकरी तिनं माझ्याच ताटात वाढली.