अंगातली कसर

गेल्या वर्षी माझा देवीवरचा विश्वास जवळजवळ उडाला होता, आणि तरीही मी रोज तिच्याकडे एकच गोष्ट मागत होते: माझा डोस चुकू देऊ नकोस. जिच्यावर भरवसा उरला नाही तिच्याकडे मागायचं कसं, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दिवसातून बारा-पंधरा वेळा संडासला पळावं लागायचं, रक्त पडायचं. पुढे बायोलॉजिक औषध सुरू झालं आणि मी माणसात आले. दर आठ आठवड्यांनी अमरावतीच्या दवाखान्यात ते सलाईनमधून घ्यायचं. त्याच जोरावर अकोल्यात बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. ओल्या कागदात गुंडाळलेल्या सोयाबीनच्या दाण्यांना किती कोंब आले ते मोजायचं काम. फारसं बोलावं लागत नाही. माझ्या आजाराबद्दल तिथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं.

दिवाळीनंतर मला बारीक खोकला लागला. संध्याकाळी तोंड गरम लागायचं. ती प्रयोगशाळेत दाणे कोंबाला ठेवतात त्या उगवणीच्या खोलीतली ऊब असेल, असं मी धरून चालले. पहाटे उशी ओली असायची, तो अकोल्याचा उकाडा. खोकल्याचं मात्र मला कळत होतं. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं, म्हणून ताप-खोकला आला तर लगेच सांगायचं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण सांगितलं की डोस पुढे ढकलणार. मग पुन्हा रक्त, पुन्हा रजा, आणि शेवटी सगळ्यांना सगळं कळणार. म्हणून मी गप्प राहिले. खोलीतल्या अंबादेवीच्या फोटोपुढे हात जोडायचे आणि तेच मागायचं.

डोसच्या आदल्या संध्याकाळी अमरावतीला जायला अकोल्याहून बडनेऱ्याची गाडी धरली. एसटीत संडास नसतो, म्हणून मी रेल्वेनेच जाते, दाराजवळच्या बाकावर बसून. समोर साठीच्या एक मुस्लिम बाई होत्या, पायाशी बांगड्यांच्या दोन पेट्या. मूर्तिजापूरला एका लग्नघरी बांगड्या भरायला निघाल्या होत्या. आजूबाजूच्या बायका त्यांना आपा म्हणत होत्या.

‘‘आपा, या पोरीले भरा ना. हात पाहा कसे मोकळे,’’ माझ्या शेजारची बाई म्हणाली.

मी मान हलवून नको म्हटलं.

‘‘काहून व, लगन झाल्यावरच घालतं काय? दे इकडे हात. माप पाह्याचे पैसे नाही घेत मी.’’

पुढचं काही बोलेपर्यंत माझा हात त्यांच्या हातात होता. बांगडीचं माप घेताना अंगठा आत दुमडून पंजा दाबतात, तसा त्यांनी दाबला. मग सोडलाच नाही. दुसऱ्या हाताची पालथी बोटं त्यांनी माझ्या मनगटावर ठेवली.

‘‘अंगात कसर हाये व तुह्या.’’

कसर म्हणजे कमतरता. ‘कसलीही कसर सोडली नाही’, एवढ्यापुरताच तो शब्द मला शाळेतल्या मराठीच्या तासामुळे ठाऊक होता. मी हात ओढून घेतला. ‘‘मी ठीक आहे,’’ म्हटलं.

‘‘ठीक काय? चाळीस साल झाले, बायायचे हात धरून राहिली मी. दाखव कोण्या डॉक्टरले.’’

‘‘आपा, तुमी बांगड्या इका, डॉक्टरकी नका करू,’’ शेजारची हसली.

‘‘इकतो ना. तुह्याच हातात जात नाही एकबी, मी काय करू!’’

सगळ्या हसल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझ्यात काहीतरी कमी आहे, हे आता गाडीतल्या परक्या बाईलाही दिसतं, आणि ती ते दहा जणींत बोलते, याचा मला राग आला होता. मूर्तिजापूरला उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वळूनही पाहिलं नाही.

सकाळी दवाखान्यात कपाळावर मशीन धरून ताप पाहिला, काहीच नव्हता. ताप, खोकला, वजन घटणं, प्रत्येक प्रश्नाला मी ‘नाही’ म्हटलं. सिस्टरने सुई लावली. औषधाच्या बाटल्या ट्रेमध्ये ठेवलेल्या होत्या, अजून फोडल्या नव्हत्या. एरवी मी तिच्याशी बोलत नाही. पण ते वाक्य रात्रभर सलत होतं, म्हणून विचारलं, ‘‘सिस्टर, मी फार अशक्त दिसते का? काल गाडीत एक बाई म्हणाल्या, माझ्या अंगात कसर आहे.’’

तिचा हात थांबला. ‘‘किती वाजता?’’

‘‘संध्याकाळी. का?’’

‘‘अवो, कसर म्हणजे बारीक ताप! मराठी येते का नाही तुमाले?’’

उगवणीच्या खोलीतली ऊब, ओली उशी, खोकला, सगळं एका शब्दात येऊन बसलं. सिस्टरने ट्रे उचलून नेला आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदाच मी खरं सांगितलं, खोकल्यासकट. त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढला, मग स्कॅन, मग आणखी तपासण्या. छातीत टीबी निघाला. औषध सुरू करण्याआधी त्याची तपासणी झाली होती, तेव्हा काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘त्या दिवशी तो डोस गेला असता तर टीबी अंगभर पसरला असता.’’

तो धक्का आजही ओसरलेला नाही. मृत्यू इतका जवळ होता याचा नाही. मी हात जोडून तोच मागत होते, याचा. देवीने माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो. हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. एका बाईने चाळीस वर्षांच्या सवयीने हात धरला आणि तिला जे कळलं ते ती बोलली. मी तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. तिचं नावही मला माहीत नाही.

डोस थांबला आणि ज्याची भीती होती ते झालं. रक्त पुन्हा सुरू झालं. प्रयोगशाळेतल्या मॅडमना सांगावं लागलं. मी खाली मान घालून बोलत होते. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘मग टेबल दाराजवळ घे ना बाई, इतके दिवस कोपऱ्यात काहून बसली?’’ ज्या गोष्टीसाठी मी जीव पणाला लावला होता, ती एवढीशी होती.

टीबीच्या गोळ्या लागू पडल्यावर, अडीच महिन्यांनी, डॉक्टरांनी बायोलॉजिक पुन्हा सुरू केलं. त्या सकाळी मी अंबादेवीच्या देवळात जाऊन उभी राहिले. डोस मिळू दे म्हणावं की चुकू दे, मला ठरवता येईना. आपलं भलं कशात आहे ते आपल्याला कळत नाही, हे कबूल करणं म्हणजेच शरण जाणं असावं. मी काही न मागता बाहेर आले. खूप हलकं वाटत होतं. चपला घातल्या आणि दवाखान्याकडे चालत निघाले.