इस्त्रीवाल्या तात्यांची साक्ष

तात्यांचा जगात फक्त इस्त्रीवर विश्वास होता, आणि तिच्यावरही ओलं बोट लावून पाहिल्याशिवाय नाही. दूधवाला पाणी घालतो, जावई वरवर हसतो, आणि कोणी फार गोड बोललं की मागून काहीतरी काम निघणार, हे त्यांचं ठाम मत. बायको म्हणायची, "तुम्ही आरशातल्या माणसालाही विचाराल, काय रे, कुठे निघालास?" अशा माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं गल्लीला वाटे. तात्यांना तर वाटेच वाटे.

समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानाची काच फुटली तेव्हा तात्या टेबलाशी उभे होते. दिवेलागणीची वेळ. खळ्ळकन आवाज झाला, त्यांनी मान वर केली, एक माणूस पाठमोरा पळताना दिसला. इस्त्रीखाली कोणाची तरी चादर होती, ती जळेल म्हणून त्यांनी लगेच मान खाली घातली. पाहिलं ते एवढंच.

फौजदार आले ते आधी घड्याळवाल्याशी बोलून. घड्याळवाल्याचा दात गल्लीतल्या रंगाऱ्यावर होता. दुकान रंगवताना दोघांचं चांगलंच वाजलं होतं, आणि रंगाऱ्याचा हिरव्या चौकड्यांचा शर्ट साऱ्या गल्लीला पाठ होता. फौजदारांनी तात्यांना विचारलं, "तो हिरव्या चौकड्यांच्या शर्टातला माणूस बाजाराकडे पळाला की शाळेकडे?"

"बाजाराकडे," तात्या म्हणाले, आणि ते खरंच होतं. शर्टाचं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही.

जेवताना बायकोला सांगताना मात्र शर्ट हिरवाच होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं विचारू लागली, "रंगाऱ्यानं वळून पाहिलं असेल ना?" तर हळूहळू त्यानं वळूनही पाहिलं. चौकीत तात्यांनी छातीठोकपणे जबाब दिला, सही केली, आणि रंगारी आत गेला. त्याची आई रोज दुकानासमोर येऊन गप्प उभी राही. तात्यांना तिच्या गप्प राहण्याचाही संशय येई. आई म्हटली की पोराला पाठीशी घालणारच!

मग एका सकाळी शिक्षकांची पँट दाबता दाबता तात्या तीच गोष्ट रंगवून सांगत होते. "अहो मास्तर, माझी नजर म्हणजे नजर! त्याच्या डाव्या बाहीवरची दुहेरी घडीसुद्धा दिसली मला!"

आणि त्यांचा हात थांबला.

दुहेरी घडी त्यांच्याच हातून पडली होती. रंगाऱ्याचा तो एकुलता एक बरा शर्ट मागे इस्त्रीला आला होता, त्याची बाही घाईत चुकली, दोन रेघा उमटल्या. मग पाणी शिंपडून त्यांनीच ती घडी मोडली आणि शर्ट नीट करून दिला. ती घडी या टेबलाबाहेर कधी गेलीच नव्हती. म्हणजे रस्त्यावर पळताना पाहिला म्हणून ते सांगत होते तो शर्ट इथला होता, या टेबलावरचा. जन्मभर दुनियेवर पहारा केला आणि चोर घरातच निघाला!

ते तसेच चौकीत गेले. "साहेब, मला फक्त पाठ दिसली होती. शर्टाचा रंग नाही, तोंड नाही."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "धमकी द्यायला कोण आलं होतं? रंगाऱ्याचा मामा, की मित्र?"

कोणीही आलं नव्हतं. तरी क्षणभर तात्यांना दुकानाच्या दारात एक जाड मिशीवाला माणूस दिसला, मामाच असावा असा. ते भयंकर घाबरले. "कोणी नाही आलं! आता काही विचारू नका साहेब, पाया पडतो. मी बोलतो तेवढंच लिहा."

रंगारी सुटला. त्याची आई दुकानात आली, तिनं तात्यांचा हात धरला. "दादा, तो माझा मुलगा नव्हताच ना? दुसराच कोणीतरी होता, तुम्ही पाहिलंत ना? गल्लीत एकदा सांगा. लोक अजून त्याला काम देत नाहीत."

एका 'हो'नं पोराची अब्रू परत आली असती. तो 'हो' तात्यांच्या ओठांवर आला होता, आणि डोळ्यांपुढचा पळणारा माणूस उंच, थोडा जाडही व्हायला लागला होता. त्यांना स्वतःची किळस आली.

"ताई, पाठ दिसली. कोणाची, ते नाही दिसलं."

तिनं हात सोडला. "मग तेव्हा बरं दिसलं होतं!"

तात्यांनी मान खाली घातली. ती दारातून बाहेर पडली तरी त्यांना ती वर करता आली नाही.