थोआचं तिसरं मशीन

व्हिएतनाममधल्या बेन त्रे गावात, नदीकडच्या गल्लीत, थोआ शिंपीण ठाऊक नाही असं माणूस सापडणार नाही. आओ-झायच्या, म्हणजे तिथल्या बायकांच्या लांब रेशमी झग्याच्या, गळ्याची उभी पट्टी बसवावी ती तिनंच. मानेला टोचत नाही आणि मान खालीही घालू देत नाही.

चार वर्षांपूर्वी थोआनं बटणांचं, आकडे दिसणारं शिलाई मशीन घेतलं आणि वर जादा पैसे भरून पाच वर्षांची वॉरंटी. सात महिन्यांत मशीन बंद. सर्व्हिस सेंटरनं ते शहरात धाडलं, आणि चाळीस दिवसांनी आलं ते भलतंच! कुणाचं तरी बिघडलेलं, कंपनीनं दुरुस्त करून खोक्यात भरलेलं. खोक्यावर छापलेलं, ‘नव्यासारखं’.

“सासूसुद्धा सुनेला मुलीसारखीच म्हणते,” थोआ म्हणाली.

ते रेशमावर टाके गाळायचं. पुन्हा खेपा, पुन्हा चाळीस दिवस, आणि मग हे तिसरं आलं. तेही ‘नव्यासारखं’च. सुरुवातीला होडीच्या इंजिनासारखं गुरगुरायचं. थोआनं त्याला तेल घातलं, शिव्या घातल्या, कधी गोंजारलं. सहा महिन्यांत त्यानं तिचा हात ओळखला. तेव्हापासून पट्टीचं वळण आलं की तिच्याआधी मशीनच हळू व्हायचं, असं ती शपथेवर सांगे.

आणि तेतचा, नव्या वर्षाचा सण पाच दिवसांवर, चार आओ-झाय अजून बाकी, अशा नेमक्या वेळी ते मुकं झालं. दिवाही लागेना.

शेजारची दियेम नूडल्सचं पातेलं सोडून बघायला आली. “जमा करून टाक ताई. पाच वर्षांची वॉरंटी काय लोणच्यात मुरवायला घेतलीस?”

“जमा केलं की हे जाईल आणि चौथं येईल.”

“येऊ दे की!”

“तुझा नवरा दुरुस्तीला दिला आणि ‘नव्यासारखा’ दुसरा आला, तर चालेल?”

दियेम जरा जास्तच वेळ विचारात पडली.

गल्लीतल्या कुणाकडून उघडून घ्यावं, तर खालच्या स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का. तो फाटला की वॉरंटी संपली. हे मशीन आल्यापासून थोआनं तो तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. पदरचे पैसे मोजलेली वॉरंटी आपल्याच हातानं फाडायला मन धजेना आणि मशीन द्यायलाही धजेना. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तिनं मन घट्ट केलं, मशीन पिशवीत घालायला आडवं केलं आणि ओरडली, “अहो! शिक्का कुठाय?”

नवरा बाउ, निवृत्त फेरीबोटवाला, अंगणात शेवंतीच्या कुंड्या मांडत होता. “कसला शिक्का?”

“इथला! स्क्रूवरचा!”

“तो चिकट कागद होय? साफसफाईत काढला. व्हिनेगर लावून अर्धा तास घासला, तेव्हा कुठे निघाला.” स्वारी खुशीत होती. “तूच म्हणालीस, वर्षाचा हिशेब द्यायला चूलदेव स्वर्गात गेले, आता घरात कण राहता कामा नये.”

“पूर्वजांच्या देव्हाऱ्याखालची जळमटं दिसली नाहीत, आणि हा टिकलीएवढा कागद बरा दिसला!”

बाउ कुंड्या उगाच इकडच्या तिकडे करू लागला.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर खाय होता. चार वर्षांच्या भांडणांनी दोघं जवळजवळ नातेवाईक झाले होते. त्यानं मशीन उलटं केलं आणि हळहळला. “मावशी, शिक्का नाही. आता बदलून मिळायचं नाही.”

“मग?”

“मग काय, वॉरंटीतलं मशीन आम्ही उघडायचं नसतं, शहरात पाठवायचं. हे आता माझ्या हातचं झालं. थोडे पैसे पडतील, पण आत्ता उघडतो.”

“म्हणजे हेच मशीन परत मिळेल?”

“दुसरं कुठून आणू?”

थोआ खुर्चीच्या कडेवर बसली. खायनं झाकण काढलं, धाग्यांच्या कचऱ्याचा मूठभर बोळा बाहेर ओढला, जळालेली तार बदलली. दिवा लागला. थोआनं पर्समधून रेशमाची चिंधी काढून स्वतः एक वळण मारलं. मशीन हळू झालं.

“सॉरी हं मावशी,” खाय म्हणाला, “एक वर्ष बाकी होतं. फुकट गेलं.”

“जाऊ दे रे,” थोआ म्हणाली, आणि ठरलेल्या पैशांवर खोबऱ्याच्या वड्यांची पुडी ठेवून निघाली.

घरी बाउ दारातच उभा. “काय म्हणाले?”

“वॉरंटी गेली म्हणाले.”

“आणि मशीन?”

“आहे पिशवीत.”

त्यानं बायकोचा चेहरा एकदा निरखून पाहिला. आपण एवढं नुकसान करूनही ती ओरडत कशी नाही, हे काही त्याला कळेना. तिनंही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर हा माणूस वर्षभर व्हिनेगरची बाटली घेऊन मिरवला असता. तिनं पहिली पट्टी सुईखाली सरकवली आणि म्हणाली, “चहा टाका. दोघांना.”