हेझल डोळ्यांची मुलगी

धाकट्या भावासाठी निपाणीहून एका मुलीचा बायोडाटा आला. शिक्षण, नोकरी, देवक, उंची, सगळं मराठीत. फक्त ‘डोळे’ या शब्दापुढं लिहिलं होतं, हेझल. माझ्या मनात तिथंच शंकेची पाल चुकचुकली.

आमच्याकडं जे मराठीत सांगायला जड जातं ते लोक इंग्रजीत सांगतात. रोज पिणारा जावई ‘सोशल ड्रिंकर’ असतो आणि काहीच न करणारा मुलगा ‘बिझनेस’ करतो. मग हेझल म्हणजे काय? तिरळे? मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी पिंगट, दुसऱ्या ठिकाणी हिरवट तपकिरी. म्हणजे सरळ घारेच की! आणि घाऱ्या माणसाचा भरवसा धरू नये, हे आमच्या सांबरा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. फोटोही लांबून काढलेला. मला त्याचाही संशय आला.

भाऊ मच्छे गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. चाळिशीला टेकलेला, बरेच नकार पचवलेला. हेही स्थळ गेलं तर तो लग्नाचं नाव काढणार नव्हता. म्हणून यावेळी मी डोळ्यांत तेल घालून गेले.

निपाणीत पोहे झाले, चहा झाला. खोली अंधारी, मुलगी पडद्याआड बसल्यासारखी. डोळे नीट दिसेनात. मुद्दामच इथं बसवलं असणार. मग मी बायकांची ठरलेली युक्ती काढली.

“परसात फुलझाडं हाईत वाटतं? दाखीव की गं.”

ती उठली, पण परसात गेलीच नाही. तिनं पुढचं दार सताड उघडलं, खुर्ची उन्हात ओढली आणि माझ्याकडं तोंड करून बसली. डोळे घारेच होते.

“बघा आक्का, पोटभर बघा,” ती म्हणाली. “घारे लिवलं की फोनबी येत न्हाय. हेझल लिवलं की लोक दारापतूर तरी येतात. खोटं कायबी लिवलं न्हाय मी.”

तिच्या आईनं मान खाली घातली. मला मात्र मुलीचा रागच आला. एवढं तोंड?

मग ती भावाकडं वळली. “तुमीबी या की जरा उजेडात.”

निघण्याआधी त्याचे पिकलेले केस आणि मिशी मीच रंगवली होती. पाकिटावर लिहिलेलं, ‘नॅचरल ब्लॅक’. मी त्याला डोळ्यांनीच खुणावलं, बस गप. त्यानं पाहिलं, आणि तरी उठून तिच्यासमोर उन्हात उभा राहिला.

“माझे केस पिकलेत,” तो म्हणाला. “आज सकाळी आक्कानं रंगवलेत.”

“चहा देतानाच दिसलं,” ती म्हणाली. “कानाला लागलाय रंग. तरीबी बसले न्हवं मी?”