ईवाईंच्या प्रयोगातला दुसरा माणूस

माणसाच्या मनात काय आहे ते ओळखणारे अमरावतीत पुष्कळ असतील. माणसाच्या अंगात कोणतं तेल आहे ते ओळखणारा मात्र एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. हे आमचे ईवाई, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. फरक इतकाच की पूर्वी तास संपल्याची घंटा होत असे, आता ती होत नाही.

त्यांच्या फ्रिजमध्ये दूध-भाजी कमी आणि बाटल्या जास्त. वनस्पती तूप, साजूक तूप, पाम, सरकी, शेंगदाणा, करडई, जवस, सगळं ओळीने. आलेल्या माणसाला आधी बाटल्या दाखवायच्या, मग पाणी द्यायचं. "हे पाहा, हे गोठलं. हे अर्धं गोठलं. आन् हे जवसाचं, अजून पाण्यावानी वाहून राहिलं!" असं ते स्वतः वाहत असल्याच्या आनंदात सांगत. एकदा चांदूर रेल्वेचे पाहुणे उन्हातून आले आणि बाटल्या दाखवण्याची वाट न पाहता त्यांनी फ्रिज उघडून एक तोंडाला लावली. ती करडईची निघाली. पाहुणे मोरीकडे धावले, तर हे मागून म्हणतात, "थुकू नका जी! दोन तास बसा फक्त, शुगर मोजून घेतो." ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इन्सुलिन म्हणजे चावी. आपण म्हणतो, शुगर झाली म्हणजे चावी हरवली. तसं नाही, पुष्कळांची चावी खिशातच असते, कुलूप बिघडलेलं असतं. वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तापवलेलं तळण, दिवसरात्र तुपाचा मारा यांनी ते कुलूप अडकतं, साखर दाराबाहेर रक्तातच फिरत राहते. जवस, करडई, शेंगदाणा यांनी ते जरा मऊ चालतं. "पण तेल बदलायचं, वाढवायचं नाही. अन् गोळी सोडाची नाही, डॉक्टरले इचारल्याशिवाय." तुपाचा त्यांना द्वेष नव्हता. "तुपाले पाहुण्यावानी वागवा, घरजावयावानी नोको." मी विचारलं, "मग फ्रिजात गोठतं ते अंगातही गोठतं का?" तेव्हा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "इतकं सोपं नसते. पण तुमाले समजावं म्हणून मी सोपं करून राहिलो."

मला! अकोल्यात ज्याने सायकलच्या कॅरिअरवर डबे बांधून तेल विकायला सुरुवात केली आणि आज ज्याचं स्वतःचं तेलाचं दुकान आहे, त्या मला हे तेल समजावणार. पण खरी तक्रार ही नाही. खरी तक्रार लग्नातली.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात गोळाभात असला की ईवायाच्या ताटात कढत फोडणीचं तेल मुलीचा बाप स्वतःच्या हाताने वाढतो. ईवाई नाही-नाही म्हणतो, बाप ओततो, पंगत हसते, अशी रीत. मी माझ्या दुकानातलं सगळ्यात चांगलं शेंगदाण्याचं तेल आचाऱ्याकडे दिलं होतं. पळी घेऊन मी वाकलो. ईवाईंनी ताटावर आडवा हात धरला. मी हसलो, पंगत हसली. हात हलेना. मग भर मांडवात, शिकवायच्या आवाजात ते म्हणाले, "हे तेल कितीदा तापलं जी?"

तेलवाल्याला हा प्रश्न म्हणजे सराफाला सोन्यातलं पितळ विचारण्यासारखं. मी पळी तशीच परत नेली. संध्याकाळी आचाऱ्याला गचांडी धरून विचारलं, तेव्हा कबूल झाला की फोडणीला पुऱ्यांच्या कढईतलंच तेल घेतलं होतं. म्हणजे ईवाई बरोबर होते. चुकलेल्या माणसाला मी कधीतरी माफ केलं असतं.

पुढे त्यांची बायको वारली. माझी बायको नातवाला सांभाळायला पुण्याला मुलीकडे गेली ती तिकडचीच झाली. त्यांचा मुलगाही तिकडेच, कारण तोच माझा जावई. राहिलो आम्ही दोघे, ते अमरावतीत आणि मी अकोल्यात, एकेका ताटाचे. मग रोज दुपारी साडेबाराला त्यांचा फोन सुरू झाला.

"जेवले का?"

"बसून राहिलो."

"तेल कोणतं?"

ते स्वतःवर प्रयोग करत. एक दिवस भाकरीवर कच्चं जवसाचं तेल आणि तिखट, एक दिवस वनस्पतीत तळलेली पुरी, दोन तासांनी बोट टोचायचं आणि वहीत लिहायचं. मी म्हणालो, एका माणसावरून काय सिद्ध होतं? म्हणाले, "काईच नाई. म्हणून तर दुसरा माणूस पायजे. तुमाले शुगर हाय, रिकामे आहा. काहून नाई येत प्रयोगात?" आणि दुसऱ्याच आठवड्यात शुगर मोजायचं यंत्र आणि जवसाच्या तेलाची बाटली त्यांनी अंजनगाव सुर्जीच्या एका व्यापाऱ्याबरोबर मला पाठवून दिली.

मी धंद्याचा माणूस, लगेच हो कसं म्हणणार. घासाघीस केली.

"आठवड्यात तीनदा कचोरी."

"एकदा."

"दोनदा, आन् सणाले इचाराचं नाई."

"एकदा! हा बजार नोहे, तुमचं रगत हाय."

शेवटी सौदा एकदावर ठरला. फोन ठेवला आणि त्याच दुपारी मी चौकात जाऊन दोन कचोऱ्या खाल्ल्या. मांडवातला तो ताटावरचा हात मला अजून दिसत होता. त्यानंतर सहा महिने ते विचारत, "काय घेतलं?" मी सांगे, "भाकर, वांगं, जवसाचं तेल." तोंडाला कचोरीचं तेल तसंच. पण शुगरचा आकडा मात्र मी खरा सांगे. आकड्यात खोटं बोलायची मला सवय नाही. मालाची तारीफ दुप्पट करीन, पण काट्यावर बोट ठेवणार नाही.

यातून काय होईल ते मला कळायला हवं होतं. खाणं शहाण्याचं आणि आकडा येड्याचा. तिकडे ते वहीत दोन्ही शेजारी मांडत असणार. एक दिवस आवाज बसलेला आला. "ईवाई, हारलो म्या. माह्यावर जे लागू होते ते तुमच्यावर होऊन नाई राहिलं. माहंच काही चुकलं असन. खा तुमी, कचोरी खा."

मी जिंकलो होतो. भर मांडवातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या शत्रूने स्वतःच्या तोंडाने दिलं होतं. मी खुशीत चौकापर्यंत गेलो, कचोरी घेतली आणि ती हातात गार झाली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की चार पावलं जाऊ द्यायची आणि मग हाक मारायची, हे मी आयुष्यभर केलं. इथे पंधरा दिवस गेले तरी तोंडातून हाक निघेना. त्या पंधरा दिवसांत मी रोज काय खाल्लं ते जगात कोणालाही ठाऊक नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

सोळाव्या दिवशी बस धरून अमरावतीला गेलो. ईवाईंनी दार उघडलं. समोर ताटात पोहे होते, तेही हॉटेलातले. फ्रिज उघडून पाहिला तर त्यात दूध होतं, बाटल्या नव्हत्या.

उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कचोऱ्या, भाकरीचं खोटं, आचाऱ्याची पुऱ्यांची कढई, सगळं. रागावतील म्हणून मी भांडायची तयारी करूनच गेलो होतो.

"सहा महिने?" ते म्हणाले.

"सहा महिने."

"आन् आकडे?"

"आकडे खरे."

त्यांनी कपाटावरून वही काढली, पानं चाळली आणि माझ्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे कचोरीनं तेच झालं जे व्हाले पायजे होतं." त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तसा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

भाकरी त्यांनीच थापल्या, वाकड्या. मी सोबत आणलेली जवसाची बाटली त्यांनी उघडली, वास घेतला आणि पळी घेऊन माझ्या ताटावर वाकले. माझा हात सवयीने उचलला गेला होता. मी तो खाली घेतला.

जेवण झाल्यावर दोन तास थांबायचं असतं. आम्ही ओसरीत खुर्च्या टाकून बसलो. त्यांनी मुलाचा विषय काढला नाही, मी मुलीचा काढला नाही. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं ते पाहत राहिलो. उद्या पुन्हा ते इथे आणि मी तिथे, हे दोघांनाही माहीत होतं. किती वर्षांनी मी कोणाजवळ असा काही न विकता बसलो होतो. दोन तास लवकर संपू नयेत असं वाटत होतं, आणि ते घड्याळाकडे पाहत होते.

मग ते उठले, यंत्र आणलं, आणि म्हणाले, "बोट द्या, ईवाई."

मी दिलं.