आर्ट्सवाल्यांचं गणित

कॉलेजात शिपाई म्हणून वर्षं काढली की वर्गाबाहेर बसल्या बसल्या किस्से साचत जातात. घरी ऐकायला कोणी नाही, म्हणून इथे लिहून टाकते. शिक्षण माझं चौथी. चुकलं तर चुकलं.

आमचं घाटंजीकडचं आर्ट्स कॉलेज. बी.ए.ला गणित घेता येतं हे अर्ध्या गावाला माहीत नव्हतं. शिकवायला आले कोल्हापूरकडचे पाटील सर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, गणित का घेतलं? एक पोरगा उभा राहिला, "सर, इतिहासाचा वर्ग भरून गेलता."

सर हसले नाहीत. नवीन होते.

*

एकदा शक्यता शिकवत होते. नाणं फेकलं तर छापा पडायची शक्यता निम्मी. मग विचारलं, उद्या पाऊस पडायची किती? सगळा वर्ग म्हणे, निम्मी. येईन नाही तर नाही येईन, दोनच तर गोष्टी!

सरांनी तासभर डोकं फोडलं. शेवटी मागून गजानन म्हणाला, "सर, तुमच्याकडं धरण हाय. तुमचं गणित येगळं."

*

स्टाफरूममध्ये सगळे शेतीवाले, डबा खाताना कापसाच्या भावाशिवाय बोलणं नाही. सर आपला डबा घेऊन व्हरांड्यात माझ्या स्टुलाजवळ यायचे. मी विचारलं, काहून सर, तिथं करमत नाही का?

"तसं नाही, कांताबाई. इथे हवा आहे."

मार्च महिना, मागची भिंत तव्यासारखी तापलेली. पण मलेही कोणी बोलणारं पाहिजे होतं. हवेचं मी काही काढलं नाही.

*

कापसाची वेचणी लागली की वर्ग रिकामा. पोरं नाहीत तर विषय बंद होईल, ही सरांना धास्ती. एक दिवस थेट वावरात गेले. पोरांनी अट घातली, एक ओळ तुम्ही वेचा, एक उदाहरण आम्ही सोडवतो.

संध्याकाळी सर बोटं सोलून परत आले. ओळ अर्धीच झाली होती. उदाहरण पोरांनी पूर्ण केलं होतं, तेही चूक.

*

शेवटी वरून निरोप आलाच. पोरं कमी, गणित बंद, सरांची बदली संस्थेच्या वणीच्या कॉलेजात. त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही. मीही नाही.

शेवटच्या तासाला एकटी वैशाली आली. हुशार पोरगी, सरांचा खडू फळ्यावर चालेपर्यंत तिचं उत्तर निघालेलं असायचं. तास बाराला संपणार होता. मी घंटेखाली बसून खिडकीतून पाहत होते. सरांनी शेवटची ओळ लिहिली, हात झटकले आणि विचारलं, काही शंका?

वैशालीची वही मिटून पिशवीत गेली होती. ती म्हणाली, "सर, नाही समजलं. पहिल्यापासून सांगा."

सरांनी फळा पुसला.

बारा वाजून गेले. प्रिन्सिपल साहेब मनगटावरचं घड्याळ पाहत बाहेर आले.

"कांताबाई, घंटा?"

"हातोडी सापडून नाही राह्यली, साहेब."

"ती तुमच्या मांडीवर आहे."

"हो," मी म्हटलं.